रैहानाच्या कण्यापाशी उमटलेली पावलं

१

पावलं पहिल्यांदा उस्ताद जुमआनलाच दिसली. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचे तीन दिवस माझ्या म्हाताऱ्या पायांची वणवण झाली.

मंगळवारी पहाटे फजरची नमाज आटोपून मी आमच्या सूर गावच्या खाडीवर पोचलो, तेव्हा धुकं अजून पाण्यावरच रेंगाळत होतं. पलीकडचं ऐजा गाव नाही, दीपस्तंभ नाही, काही दिसत नव्हतं. फक्त आमची रैहाना, जुनं शिडाचं जहाज, तेवढी टेकूंवर उभी होती. अर्ध्या फळ्या काढलेल्या, बरगड्या उघड्या, आणि तरी अशी शांत की वाटावं, झोपेत कुठल्यातरी जुन्या सफरीवर निघालीय. बसऱ्याचा खजूर, मलबारचा साग, झंझिबारची लवंग, सगळं वाहिलं तिनं. मग वाईट दिवस आले. एडनच्या कुणा व्यापाऱ्यानं तिच्यात इंजिन बसवलं आणि बकऱ्या भरल्या. बकऱ्या! शेवटी आम्ही सूरवाल्यांनी तिला ओढत घरी आणली आणि सरकारनं दुरुस्तीला हात दिला. मी खल्फान, शिडं शिवणारा. तिचं नवं शीड माझ्याकडे होतं.

जहाजाशेजारी वाळूत तिच्या तळाला बसवायचा नवा कणा पडला होता. अखंड साग, ओंडक्यांवर गुडघाभर उंचीला ठेवलेला. गुरुवारी तो जहाजाखाली सरकवायचा होता.

जहाज घडवणारा उस्ताद जुमआन दहा पावलं लांब शिडीच्या खालच्या पायरीवर बसला होता. कण्याचा पहारा तो स्वतःच करायचा, तिथंच झोपायचा. मला म्हणाला, "कोण? खल्फान का? अरे, कण्यापाशी बघ. वाळूत पावलं आहेत."

मी वाकून पाहिलं. लहान, अनवाणी, बाईची पावलं. चार कण्याच्या अलीकडे, तीन पलीकडे.

आमच्याकडे मानतात, की मूल नसलेल्या बाईनं नव्या जहाजाचा उघडा कणा ओलांडला तर तिची कूस उजवते. पण समुद्र फुकट काही देत नाही. एक जीव देतो, एक घेतो, आणि घेतो तो कणा घडवणाऱ्या उस्तादाचा. म्हणून तर पहारा. आणि ओलांडलेला कणा जहाजाला लावत नाहीत. बाजूला टाकतात, नवा आणतात. त्याच्या छप्पन्न वर्षं आधी हीच रैहाना बांधताना कुणीतरी कणा ओलांडला होता. जुमआनच्या बापानं हट्टानं तोच वापरला, आणि जहाज पाण्यात ढकलायच्या दिवशी टेकूखाली चिरडून मेला. ती बाई कोण, ते कधीच कळलं नाही.

"पावलंच आहेत ना?" उस्तादनं विचारलं.

"हो, पावलंच."

त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मग झालं माझं, खल्फान."

त्यानं जाऊन अंथरूण धरलं. आणि दुपारच्या जेवणाआधी गावानं त्या बाईचं नावही पक्कं करून टाकलं.

२

नाव होतं शमसा. उस्तादच्या बहिणीची, रय्याची सून. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. गावाला आणखी काय पुरावा लागतो?

मी रय्याच्या अंगणात गेलो तेव्हा ती कोळंबी निवडत होती. तिच्या बोटांचा वेग बघूनच कळलं की बाई पेटलीय.

"शुक्रवारी सैफ येतोय तेलाच्या छावणीवरून. आला की तलाक द्यायला लावते," रय्या म्हणाली. "माझ्या भावाचा जीव घ्यायला निघाली सटवी!"

"कुणी पाहिलं का तिला?"

"तू तर बोलूच नकोस, खल्फान! तुझा जन्म कुठल्या साली झाला ते सगळ्या सूरला ठाऊक आहे."

हे मी लहानपणापासून ऐकतोय. उस्तादचा बाप गेला त्याच वर्षी मी जन्मलो, आईच्या लग्नानंतर नऊ वर्षांनी. पोरं मला 'कण्याचा' म्हणून चिडवायची. आई या विषयावर एक शब्द न बोलता गेली. त्यामुळे शमसाकडे पाहताना मला माझी आईच दिसायला लागली होती.

शमसा मागच्या दारी उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण आवाज ठाम.

"काका, मूल मला हवंय. खोटं कशाला बोलू? कण्याकडे बघून माझ्याही मनात आलं होतं. पण जुमआन मामांनी मला मुलीसारखं वागवलंय. त्यांच्या जिवावर मी पाळणा बांधेन होय?"

मी घरी गेलोच नाही. सरळ दाई गुबैशाच्या दारात जाऊन उभा राहिलो. वय तेव्हा सत्त्याहत्तर, दात तीन, पण अर्ध्या सूरला तिनं जन्माला आणलेलं आणि उरलेल्या अर्ध्याला लग्नात मेंदी लावलेली. तिच्यापासून काही लपत नसे.

"सहा वर्षांतली पाच वर्षं नवरा छावणीवर," दाई म्हणाली. "मूल काय तारेनं येतं? बरं, पावलं शाबूत आहेत का?"

"जुनं शीड टाकून झाकून ठेवलीत."

"शहाणा माझा बाळ तो." मी छप्पन्नचा होतो, पण तिच्यापुढे बाळच. "चल. माणसं खोटं बोलतात, पाय नाही बोलत."

३

मी शीड उचललं आणि दाई वाळूत चक्क पालथी पडली. नाक पावलाला टेकवून एकेक बघत सरकायला लागली. मला हसू येत होतं, पण हसायची टाप नव्हती.

"ही शमसा नव्हे," दाई म्हणाली. "तिच्या लग्नात मेंदी मीच लावली. तिचे पाय लांबोडके, टाच अरुंद."

माझा जीव भांड्यात पडला.

"थांब, एवढ्यात नाचू नकोस. गावाला दुसरं नाव दिल्याशिवाय गाव पहिलं सोडत नाही." तिनं बोटानं दाखवलं. "ही चार पावलं अलीकडे, ही तीन पलीकडे. पलीकडची खोल आहेत का?"

"नाहीत. सारखीच आहेत."

"गुडघाभर उंचीवरून उडी मारलेली बाई वाळूत अशी अलगद उतरेल? परी होती का? बरं, उजवी पावलं बघ. सगळ्यांत करंगळी तेवढीच आत वळलीय, केसाचाही फरक नाही. वाळूत चालताना बोटं फाकतात रे, दर पावलाला वेगळी. आणि टाचेत या बारीक उभ्या रेघा कसल्या?"

"भेगा असतील."

दाई उठून बसली. धुकं केव्हाच विरलं होतं, पलीकडे ऐजाची पांढरी घरं उन्हात दिसत होती. ती तिकडेच बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की मला भीती वाटली.

"काय झालं, दाई?"

"ही करंगळी मी ओळखते," ती हळूच म्हणाली. "हे पाय मांडीवर घेऊन मी रात्रभर मेंदी काढलीय. नसराचे पाय आहेत हे. उस्तादच्या बायकोचे."

"नसरा? तिचे गुडघे तर असे सुजलेत की तिला उंबरा ओलांडवत नाही!"

"तेच तर. तिचे पाय आता फुगून भाकरीएवढे झालेत. हे ते नव्हेत." दाईनं माझं मनगट घट्ट धरलं. "ही पावलं नसरा नवरी होती तेव्हाची आहेत, खल्फान. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची."

४

बुधवारी आम्ही उस्तादच्या घरी गेलो. तो आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. नसरानं कॉफी नि खजूर पुढे केले. कॉफीला वेलचीबरोबर आणखी कसलातरी वास होता, गोडसर, ओळखीचा. लहानपणी बापाच्या पेटीत डोकं घातल्यावर यायचा तसा. मला काही नाव सुचेना.

दाईनं मात्र दोनदा हुंगलं. "चूल कोण पेटवतं गं?"

"हाच," नसरा आत नवऱ्याकडे मान करून म्हणाली. "कालही पहाटे येऊन पेटवून गेला. माझ्यानं वाकवत नाही ना. कसली लाकडं घातली कोण जाणे, कालपासून सगळं घर घमघमतंय."

आमचा आवाज ऐकून उस्ताद बाहेर आला. पाहुण्याला दुसरा पेला घरच्या कर्त्यानं ओतावा ही रीत. त्यानं ओतला, आणि कॉफी पेल्याच्या शेजारून माझ्या मांडीवर सांडली.

"हात थरथरतो आताशा," तो ओशाळून म्हणाला. "जायची वेळ आली की असंच व्हायचं."

"उस्ताद, त्या पावलांचं…" मी सुरुवात केली.

"कुणाचंही नाव घेऊ नका!" तो एकदम ओरडला. "मी कुणाचं नाव घेतलंय का? कणा तेवढा बाजूला करा. नवा साग मागवा. बाईच्या मागे कशाला लागता?"

"रय्या लागलीय," दाई शांतपणे म्हणाली. "परवा शमसाला तलाक मिळणार आहे."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो भिंत चाचपत आत गेला.

नसरानं आम्हाला दारापर्यंत सोडलं. डोळे पुसत म्हणाली, "त्या पोरीची तहान मला कळते गं, दाई. या माणसानं आयुष्यात एकवीस कणे घातले. एकवीस वेळा मी लांबून बघितले. एकदाही ओलांडला नाही. मला मूल हवं होतं, पण हा माणूसही हवा होता."

गल्लीत आल्यावर मला तो वास आठवला आणि मी जागीच थबकलो.

"दाई! साग! चुलीत साग जाळलाय!"

"उस्तादच्या घरात?" दाई म्हणाली. सागाचा ढलपासुद्धा हे लोक फेकत नाहीत. त्याच्या खुंट्या करतात, पेट्या करतात. साग जाळणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं. "आता सांग, जळताना कुणी बघू नये असं सागाचं काय होतं त्याच्याकडे?"

५

मला मात्र सरकारी इंजिनिअर नबहानचा संशय होता. मस्कतचा हा तरुण जहाजाची प्रत्येक फळी कागदावर उतरवायचा, आणि उस्ताद त्याच्यावर खेकसायचा, 'कागद भिजला की जहाज बुडालं का रे तुझं?' उस्ताद गेला की मैदान याला मोकळं. म्हणून त्याच दुपारी दाई आणि मी त्याला गाठलं.

"मला उस्ताद हवेत, खल्फान काका," नबहान वैतागून म्हणाला. "माझ्याकडे मापं आहेत, जहाज त्यांच्या हातात आहे. पण तेच मला उभं करत नाहीत. सोमवारी नव्या कण्याचं माप घ्यायला गेलो तर हाकलून दिलं. आणि वर मला 'काय रे मरहून' म्हणाले. भर उन्हात! त्यांचा जुना सुतार मरहून सत्तरचा आहे, दाढीवाला आहे. मी मरहून दिसतो का?"

दाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"खल्फान," ती म्हणाली, "तू शीड कशावरून बेतलंस?"

"कण्याच्या लांबीवरून. जुना कणा मी स्वतः मोजलाय, छत्तीस हात."

"आणि नवा?"

नवा कुणी मोजला होता? उस्तादनं. उस्तादनं मोजल्यावर पुन्हा मोजणं म्हणजे त्याच्या पगडीला हात घालणं. सूरमध्ये ही चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय.

आम्ही तिघं खाडीवर गेलो. मी दोरी धरली, नबहाननं दुसरं टोक धरलं. ओहोटी लागली होती, पाणी कुजबुजत मागे सरत होतं. मी मोठ्यानं मोजत गेलो. तेहतीस. चौतीस. पस्तीस.

आणि कणा संपला.

६

गुरुवारी सकाळी दाई उस्तादच्या उशाशी बसली. मी दारात.

"जुमआन, पाय जळून गेले का रे सगळे?" तिनं विचारलं.

"कुणाचे पाय?"

"नसराचे. सागवानी."

तो भिंतीकडून कुशीवर वळला. बाहेर कोंबडा फिरत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"कसं कळलं?"

"तुझं काम फार चांगलं म्हणून कळलं," दाई म्हणाली. "खरी बाई इतकी सारखी पावलं टाकत नाही. टाचेतल्या रेघा भेगा नव्हत्या, लाकडाच्या होत्या. नवरीच्या पायाला भेगा कशा? पलीकडे हातानं दाबून उमटवलीस, म्हणून खोल गेली नाहीत. आणि सर्वांत मोठं म्हणजे, पेल्याचा काठ तुला दिसत नाही, नबहान की मरहून ते दिसत नाही, आणि धुक्यात दहा पावलांवरून वाळूतली पावलं दिसली होय?"

माझ्या कपाळावर मीच हात मारला.

"पाण्यात टाकले असते तर तरंगले असते," उस्ताद हळूहळू म्हणाला. "पुरले असते तर कुत्र्यांनी उकरले असते. म्हणून जाळले. सागाला आग लावताना हात भाजला तर बरं, असं वाटत होतं." तो उठून बसला. "सुरुवातीला मला वाटलं धुकंच आहे. म्हटलं, उठेल उन्हं आल्यावर. दोन वर्षं झाली, धुकं उठेचना. लाकडावर हात फिरवून चालवून घेत होतो. कोळशाच्या दोन रेघा होत्या, एक कच्ची, एक पक्की. मी कच्चीवर करवत चालवली. कापल्यावर बोटांना कळलं. कण्याला शेपूट जोडता येत नाही रे. आंधळा उस्ताद म्हणजे काय? ओझं! ही रैहाना माझ्या बापाची. ती दुसऱ्याच्या हाती जाताना बघायचं… बघायचंही नाही, नुसतं ऐकायचं!"

"म्हणून कणा ओलांडला असं दाखवलंस."

"म्हणजे कणा आपोआप बाजूला पडेल, आणि नवा येईपर्यंत काहीतरी सुचेल. बापाच्या वेळच्या बाईचं नाव कधी कळलं नाही. याही वेळी कळणार नाही असं वाटलं. मी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं, दाई!"

"तू नाही घेतलंस. पण गावानं घेतलं ना! आणि बापाच्या वेळचंही घेतलं होतं, हळू आवाजात. हा बघ दारात उभा आहे." दाईनं माझ्याकडे बोट केलं. "खल्फान, तो कणा ठेवला तेव्हा तू आईच्या पोटात तीन महिन्यांचा होतास. पोटाला हात मीच लावला होता. मी सांगितलंसुद्धा सगळ्यांना. ऐकतो कोण? गावाला मोजता कुठं येतं!"

छप्पन्न वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरेल असं मला वाटलं नव्हतं. मी दाराची चौकट धरून रडलो. लाज नाही वाटली.

माझ्या मागे नसरा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माझे पाय कोरलेस?" ती म्हणाली. "लग्नातले?"

"डोळ्यांना दिसत नाही, पण हातांना आठवतात," उस्ताद खाली मान घालून म्हणाला.

"मेल्या! आयुष्यभर मी जपलं, आणि शेवटी तूच माझ्याकडून उडी मारून घेतलीस होय?" ती हसत होती की रडत होती, मला सांगता यायचं नाही. मग तिनं त्याची काठी त्याच्या हातात दिली. "उद्या त्या पोरीचा संसार मोडतोय. ऊठ."

"सगळे हसतील, नसरा."

"हसू देत."

७

शुक्रवारची नमाज सुटली आणि सगळं सूर खाडीवर लोटलं. रय्या पुढे, हात कमरेवर. सैफ छावणीवरून थेट आलेला, अंगावर धूळ, खाली मान. शमसा एका बाजूला एकटी उभी होती. तिच्या आसपास चार हात जागा सोडून लोक उभे होते.

नसराच्या खांद्यावर हात ठेवून उस्ताद आला. मेलेला माणूस चालत यावा तसे लोक बाजूला झाले.

"कणा कुणी ओलांडलेला नाही," तो म्हणाला. "पावलं मी कोरली. कणा मी आखूड कापला. मला दिसत नाही. दोन वर्षांपासून दिसत नाही."

एवढंच. पण ते बोलताना तो असा घामाघूम झाला, की जणू अख्खं जहाज एकट्यानं ओढलं. कुणी हसलं नाही. मरहूननं पुढे होऊन त्याचं दुसरं कोपर धरलं. नबहान म्हणाला, "डोळ्यांचं आम्ही बघू, उस्ताद. हात तेवढे तुमचे द्या."

रय्याचे कमरेवरचे हात खाली आले.

"शमसा," उस्तादनं हाक मारली, "कुठायस? पुढे ये. माझ्या भेकडपणापायी तुझ्यावर ही वेळ आली, पोरी. मला माफ कर, असं म्हणायचीही माझी लायकी नाही. पण हा कणा आता जहाजाचा नाही, कुणाच्या जिवाला बांधलेला नाही. तुझ्या मनात असेल तर मार उडी. सगळ्यांदेखत, भर उन्हात. बघू कोण अडवतो."

शमसानं सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, घोळ दोन्ही हातांनी उचलला आणि धावत येऊन कण्यावरून अशी झेपावली की तिची ओढणी मागे तरंगत राहिली.

"बघा," दाई पलीकडच्या वाळूकडे बोट दाखवून ओरडली, "याला म्हणतात उडीचं पाऊल! बोटं रुतलीत, टाच टेकलीच नाही!"

आणि मग सहा वर्षं आईपुढे तोंड न उघडलेला सैफ पुढे आला. त्यानं बूट काढले.

"अरे, तू कुठं चाललास?" रय्या किंचाळली.

"उडी मारायला," सैफ म्हणाला. "मूल काय तिला एकटीला होणार आहे?"

त्यानं उडी मारली आणि तोंडावर आपटला. खाडीवर असा हशा पिकला की रैहानाच्या बरगड्यांमधली कबुतरं उडाली. शमसा त्याला हात देऊन उठवताना हसत होती. रय्यासुद्धा शेवटी ओढणीत तोंड खुपसून हसली.

रैहाना दोन वर्षांनी पाण्यात गेली. नवा कणा छत्तीस हात, दोरी नबहानची, घडण उस्तादच्या हातांची. उस्ताद त्यानंतर नऊ वर्षं जगला.

शमसाला मूल झालं का, असं ऐकणारे मला हटकून विचारतात. सांगणार नाही. तिचे दिवस नि महिने आमच्या गावानं पुरेसे मोजलेत.

तो आखूड कणा मात्र अजून खाडीवर तिथंच पडलाय. संध्याकाळी बायका त्यावर बसून खजूर खातात, आणि पोरीबाळी दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत असतात. कुणी त्यांना हटकत नाही.